घेवड्याचा सातवा दाणा

शॉनीफोर्ड
३ नोव्हेंबर १८३२

प्रिय अबिएलदादा,

पोचलो एकदाचे. अकरा दिवस तराफ्यावर काढले, त्यातले चार पावसात. बियांची पेटी भिजली. पुस्तकांची नाही भिजली, कारण तिच्यावर हे स्वतः बसून होते. बियांच्या पेटीवर कोण बसणार, मी तर भांडी धरून होते.

गाव म्हणजे सतरा घरं, एक लोहार आणि भरपूर चिखल. ह्यांची शाळा ओंडक्यांच्या एका खोलीत भरते. धुराडं नीट ओढत नाही, त्यामुळे गुरुजी आणि पोरं सगळे डोळे पुसत शिकतात. कालपरवापर्यंत विद्यापीठात ग्रीक शिकवणारा माणूस आता अक्षरं गिरवून घेतोय. एका शब्दाने तक्रार करत नाहीत. केली असती तर मला जरा सोबत झाली असती. एकटीनेच चिडून चिडून मी दमले.

दादा, मला एकच गोष्ट विचारायची आहे. तो सातवा दाणा कोणाचा?

मी विसरायचा प्रयत्न केला, खरंच केला. पण तराफ्यावर माणसाला दुसरा उद्योग नसतो. राज्याने सनद दिली, विद्यापीठ काढलं, तेरा विश्वस्त नेमले, आणि त्या तेरा शहाण्यांनी माझ्या नवऱ्याचा निकाल कशाने लावला, तर स्वयंपाकघरातल्या सामानाने. मक्याचा दाणा म्हणजे राहू दे, घेवड्याचा म्हणजे जाऊ दे. आणि ही पद्धत तूच आणलीस, आठवतं ना? पहिल्या वर्षी न्यायाधीश बार्बर आपल्या पेटीतल्या काळ्या-पांढऱ्या गोट्या वाटायचे आणि दर माणसामागे पेटीत काय उरलं ते मोजून कोणी काय टाकलं ते ओळखायचे. म्हणून तू ठराव मांडलास, की ज्याने त्याने आपले दाणे घरून आणावेत, म्हणजे मत गुप्त राहील. तेव्हा महिनाभर मिरवत होतास.

सहा मका, सात घेवडा. सहांतला एक मका तुझा, ते मला सांगायला नको. सहा घेवडे बार्बर आणि त्यांच्यामागून फिरणाऱ्या पाच जणांचे, तेही सगळं न्यू एल्गिन जाणतं. राहिला एक. मला वाटतं, तो डॉक्टर पेलेग यांचा. परीक्षेच्या दिवशी तू त्या पोराला शाबासकी दिलीस आणि हे तुला म्हणाले, "साहेब, हे त्या पानावर नाही," आणि सभागृह हसलं, तेव्हा डॉक्टरांनीच काठी आपटली आणि निघून गेले. तू मात्र पोट धरून हसलास. ज्याची फजिती झाली तो हसतो आणि ज्याचा काही संबंध नाही तो काठी आपटतो, म्हणजे बघ. आणि आम्ही निघालो त्या सकाळी डॉक्टरांनी आमची गाडी पाहिली आणि घोडा सरळ बोळात घातला. निरोपाचा एक शब्द नाही.

मी चुकत असेन तर सांग. नाव कळलं की माझा जीव शांत होईल.

हल्डावहिनीला सांग, सफरचंदाचा मुरंबा शाबूत पोचला. अर्धा संपलाही.

तुझी,
केटी


न्यू एल्गिन
१ डिसेंबर १८३२

प्रिय केटी,

तुझं पत्र आलं आणि हल्डाने ते गिरणीत आणून दिलं. पिठाच्या हातांनीच वाचलं, म्हणून आता त्याच्यावर माझी बोटं उमटली आहेत.

तुम्ही सुखरूप पोचलात, हेच मोठं. लिअँडर यांना माझा नमस्कार सांग. असा विद्वान माणूस कुठेही गेला तरी त्याचं चीज होईल, असं मी इथे सगळ्यांना सांगतो. धुराड्याचं म्हणशील तर वरचं तोंड हातभर वाढवायला सांग. बहुतेक वेळा तेवढंच असतं.

आता तू विचारलंस त्याबद्दल. केटी, विश्वस्त होताना आम्ही बायबलवर हात ठेवून शपथ घेतो, की मंडळातलं मंडळात ठेवू. मतांचा पोकळ वाळका भोपळा फिरतो, प्रत्येक जण मूठ आत घालतो, मग तो टेबलावर उपडा करतात. कोणाची मूठ कशी होती ते कोणी कोणाला विचारत नाही. विचारायला लागलो तर पुढच्या सभेला कोण येईल? आधीच सभा भरण्यापुरते सात जण जमवताना नाकी नऊ येतात. मागच्या खेपेला तर दोघांना नांगरावरून उठवून आणलं.

तेव्हा मी कोणाचं नाव घेणार नाही. डॉक्टर पेलेग यांच्याबद्दल तू लिहिलंस, त्याला मी हो म्हणत नाही आणि नाही म्हणत नाही. माणूस तिरसट आहे, हे तुलाही ठाऊक आहे. तुला काय समजायचं ते समज.

जे झालं ते विद्यापीठाच्या हिताचं म्हणून झालं, असं मंडळाचं मत पडलं. बार्बर म्हणतात, शिक्षकच विश्वस्तांना चारचौघांत चुकीचं ठरवू लागले तर विधिमंडळातले लोक उद्या विचारतील, मग विश्वस्त हवेतच कशाला. त्यांच्या म्हणण्यातही थोडं तथ्य आहे. मी त्यांची बाजू घेत नाही, फक्त सांगतो.

बर्फ पडायला लागलं. पाण्याचं चाक दोन दिवस बंद आहे.

तुझा,
अबिएल


शॉनीफोर्ड
२० जानेवारी १८३३

प्रिय दादा,

तू शपथेतला माणूस, बरोबर आहे. पण मी तुला लहानपणापासून ओळखते. गोष्ट खोटी असली की तू लगेच "छे, भलतंच" म्हणतोस. ह्या वेळी म्हणाला नाहीस. मला पाहिजे ते उत्तर मिळालं. तुझी शपथही मोडली नाही आणि माझं कामही झालं.

हे मात्र डॉक्टरांना नावं ठेवली की मला अडवतात. परवा मी त्यांच्या नावाने बोटं मोडत होते, तर म्हणाले, "केटी, ज्याचं आपल्याला ठाऊक नाही त्याला कशाला शिव्या?" मी म्हटलं, मला ठाऊक आहे, माझ्या भावाने सांगितलंय. "सांगितलंय?" म्हणून माझ्याकडे बघत राहिले. म्हटलं, सांगितल्यासारखंच. मग उठून लाकडं आणायला गेले. लाकडं घरात भरपूर होती.

धुराड्याचं तोंड वाढवलं. आता धूर कमी झाला. हा तुझा उपकार.

बियांची पेटी अखेर उघडली. सगळ्याला बुरशी. भोपळा, मका इथे शेजारी मिळेल, पण आईच्या घेवड्याचं काय? पांढऱ्यावर तांबडा ठिपका असलेलं ते वाण ह्या सगळ्या मुलखात फक्त तुझ्या परसात आणि माझ्या परसात होतं. आई कनेटिकटहून ते रुमालात बांधून घेऊन आली होती. मी अक्षरशः रडले. तेव्हा ह्यांनी जाकिटाच्या खिशातून त्यातलाच एक दाणा काढून दाखवला, केव्हाचा पडून होता कोण जाणे. म्हटलं, द्या, हा तरी लावू. तर म्हणाले, "हा राहू दे. एका दाण्याने काय होणार? दादाकडून मागव." आणि परत खिशात ठेवून दिला. पुस्तकं वाचून वाचून माणसाला अशा लहरी येतात.

तर मूठ-दोन मूठ नक्की पाठव. पेरणीच्या आत मिळायला हवं.

तुझी,
केटी


न्यू एल्गिन
९ मार्च १८३३

प्रिय केटी,

बियाणं सोबत पाठवतोय, गिरणीच्या पिशवीत शिवून. दोन मुठी नाही, चांगलं शेरभर आहे. हल्डा म्हणाली, एवढं कशाला. मी म्हटलं, असू दे.

इथलं सगळं ठीक. मंडळाची सभा फेब्रुवारीत झाली. तीन तास घंटेवर वाद चालला, की प्रार्थनेची घंटा पाचला वाजवावी की साडेपाचला. ग्रामीण भागातले विश्वस्त म्हणाले, पाचला उठत नाही तो विद्यार्थीच नव्हे. मग असं निघालं, की वाजवणाराच सहाला उठतो. शेवटी ठराव लिहिला, की घंटा योग्य वेळी वाजवावी. तुला ऐकून हसू येईल म्हणून लिहिलं. मला स्वतःला आजकाल त्या खोलीत हसू येत नाही.

नव्या वर्षी विधिमंडळाने दोन विश्वस्त बदलले. बार्बर यांचे दोघे गेले. नवे दोघे तरुण आहेत, ऐकून घेतात. ग्रीकचा वर्ग सध्या कोणीच घेत नाही; पोरं पुस्तकं परत करून गेली.

तुझ्या मागच्या पत्रात तू लिहिलंस, की मी सांगितल्यासारखंच केलं. केटी, मी तसं काही सांगितलेलं नाही, एवढं लक्षात असू दे. मी शपथेमुळे गप्प राहिलो. गप्प राहणं आणि सांगणं ह्यात फरक आहे, असं मला वाटतं. निदान वाटायचं.

लिअँडर डॉक्टरांबद्दल जे म्हणाले ते त्यांच्या चांगुलपणाला धरून आहे. तू त्यांचं ऐकत जा.

हल्डा विचारते, मी रात्रीचा नीट जेवत का नाही. दाताचं कारण सांगितलं.

तुझा,
अबिएल


शॉनीफोर्ड
१४ जून १८३३

प्रिय दादा,

घेवडा उगवला. शेरभरातला एक दाणा वाया गेला नाही. काल वेलांना काठ्या लावल्या आणि आईची फार आठवण आली.

आता ऐक, तुला एक मजा सांगते. गेल्या मंगळवारी मला टपाल आलं, म्हणजे ह्यांना आलं. हे शाळेत होते. पाकिटावर अक्षर बघितलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. डॉक्टर पेलेग. ते औषधाच्या पुडीवर खरडतात तसलं वाकडं अक्षर मी कुठेही ओळखेन. मनात म्हटलं, आता आठवण झाली होय? आता काय, माफी मागणार, की उपदेश करणार, की आमची खुशाली विचारून स्वतःच्या मनाचं समाधान करून घेणार?

मी ते उघडलंसुद्धा नाही. चुलीचं झाकण काढलं आणि आत घातलं. जाड होतं, जळायला वेळ लागला. काठीने ढकलून ढकलून जाळलं. ह्यांना सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. त्यांनी ते वाचलं असतं, वर नम्रपणे उत्तर लिहिलं असतं, आणि त्या माणसाला सुखाची झोप लागली असती. ती मला लागू द्यायची नव्हती. माझ्या नवऱ्याला सातवा दाणा टाकून घरातून काढायचं आणि मग पत्रं लिहायची, म्हणजे शोभतं का?

तुला वाटेल बहीण फार दुष्ट झाली. झाले असेन. पण त्या दिवशी पहिल्यांदा मी पोटभर जेवले.

वहिनीला म्हणावं, त्याच्या दाताला लवंग लाव.

तुझी,
केटी


न्यू एल्गिन
२९ सप्टेंबर १८३३

प्रिय केटी,

हे पत्र मी तीनदा लिहून चुलीत घातलं. चुलीत घालायची सवय आपल्या घराण्यातच दिसते. हे चौथं. ते मी हल्डाच्या हातात देऊन टाकणार आहे, म्हणजे परत घेता येणार नाही.

बुधवारी वार्षिक सभा झाली. डॉक्टर पेलेग कागद घेऊन उभे राहिले. म्हणाले, "प्राध्यापक लिअँडर फिस्क यांना परत बोलवावं, असा ठराव मी आणणार होतो. सात जणांच्या सह्या माझ्याकडे आहेत. अबिएलची मुद्दाम घेतली नाही, घरचा माणूस म्हणून कोणी नाव ठेवायला नको. मे महिन्यात मी फिस्क यांना सविस्तर पत्र घातलं, की झालं त्याची आम्हाला लाज वाटते, येता का. उत्तर नाही. माणूस यायलाच तयार नसेल तर मी ठराव कोणासाठी मांडू?" आणि खाली बसले. अर्ध्या तासात बार्बर यांच्या ओळखीच्या एका धर्मोपदेशकाला ग्रीकची जागा दिली. लिहून, सही होऊन, संपलं.

मी तिथेच बसलो होतो. मला उठून सांगता आलं असतं, की थांबा, ते पत्र वाचलंच गेलेलं नाही. मग कोणीतरी विचारलं असतं, का नाही वाचलं? म्हणून मी उठलो नाही. हे दुसऱ्यांदा.

बाहेर घोडे सोडताना डॉक्टर माझ्याजवळ आले. म्हणाले, "तुमचे मेहुणे माझ्यावर एवढे रागावलेत? त्या दिवशी निरोप द्यायला आलो नाही, ते खरं. गाडीतलं सामान बघितलं आणि मंडळाचा माणूस म्हणून तोंड दाखवायची लाज वाटली. परीक्षेला काठी आपटली, तीही आपल्याच लोकांवर. येत नाही ते विचारायला बसतो आपण. त्यांना सांगा, मी मका टाकला होता. सांगायचं नसतं, पण सांगा."

तर सांगतो. डॉक्टरांनी मका टाकला होता. सातवा घेवडा माझा होता, केटी.

तू म्हणशील, चूक झाली असेल, पिशवीत दोन्ही दाणे असतात, हाताला चुकून लागला असेल. मीही स्वतःला महिनाभर तसं सांगून पाहिलं. पण मक्याचा दाणा बोटाला आधी लागला होता. मी तो सोडला आणि दुसरा घेतला.

का, ते सांगायला मला फार जड जातंय. विद्यापीठाच्या हितासाठी नाही. परीक्षेसाठी. सनदेत लिहिलंय, की विद्यार्थ्यांची परीक्षा विश्वस्तांनी स्वतः, लोकांसमोर घ्यावी. ज्याने लिहिलं त्याला वाटलं असेल, ह्या जंगलात ग्रीक येणारे तेरा जण सापडतील. आम्ही काय करायचो, पुस्तक उघडून ओळींवरून बोट फिरवायचो आणि पोरगा थांबला की पान उलटायचो. त्या दिवशी पोराने घाबरून आदल्या दिवशीचा धडा म्हटला. माझं बोट मात्र माझ्या पानावर बरोबर शेवटच्या ओळीशी पोचलं, आणि मी छाती काढून म्हणालो, "उत्तम. एक चूक नाही." पुढचं तू सज्जातून पाहिलंस. लिअँडर हळू आवाजात बोलले, त्यांचा दोष नाही. न बोलता त्यांना राहवलंच नसतं.

मी सगळ्यांत मोठ्याने हसलो. तू घरी येऊन म्हणालीस, दादाचं मन केवढं मोठं. पण त्यानंतर आठवडाभर गिरणीत जो येई तो पोतं उतरवताना म्हणे, "उत्तम. एक चूक नाही." पोतं भरून नेतानाही तेच. मला लिहिता येतं, हिशेब येतो, राज्याच्या विद्यापीठावर मी बसतो, ह्या एका गोष्टीवर मी आयुष्यभर ताठ चाललो, आणि ती माझ्याच घरात जेवणाऱ्या माणसाने काढून घेतली असं मला वाटलं. एवढंच. ह्याहून मोठं कारण मी शोधलं, मिळालं नाही.

आणखी एक. मतदानाच्या आधी बार्बर म्हणाले होते, नातं आहे, तुम्ही बाजूला बसलात तरी चालेल. मी म्हणालो, नाही, मी माझं मत देणार. सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. बाजूला बसलो असतो तर सहा-सहा झाले असते, काढायचा ठराव पडला असता आणि तुम्ही आज इथे असता.

हे कोणालाही ठाऊक नाही. तू डॉक्टरांचं नाव घेतलंस तेव्हा मला सुटल्यासारखं झालं, हे त्या दाण्याहून वाईट. मला क्षमा कर असं म्हणायला तोंड नाही. तू म्हणशील ते करीन.

अबिएल


शॉनीफोर्ड
१७ नोव्हेंबर १८३३

अबिएलदादा,

तुझं पत्र आलं तेव्हा आम्ही दोघं घेवडा सोलत बसलो होतो. तुझी पत्रं मी मोठ्याने वाचते, तशीच वाचायला लागले. पत्रात चुलीचं आलं तिथे मी थांबले. हे म्हणाले, "वाच की पुढे." पुढे कसं वाचणार? डॉक्टरांचं पत्र मी जाळलं हे त्यांना सांगितलंच नव्हतं. मग सांगितलं. आणि मग बाकीचं सगळं वाचलं, तुझ्या सहीपर्यंत.

मला वाटलं, आता हे उठतील, ओरडतील. ते म्हणाले, "दादाचं मला ठाऊक होतं. चुलीचं नव्हतं."

मी विचारलं, ठाऊक कसं? तर म्हणाले, निकाल ऐकायला त्यांना आत बोलावलं, तेव्हा भोपळा उपडा करून दाणे अजून टेबलावरच होते. बार्बर वाचत होते. अशा वेळी माणसांच्या तोंडाकडे बघवत नाही, म्हणून हे दाण्यांकडे बघत उभे राहिले. सहा घेवडे नुसते पांढरे. एकावर तांबडा ठिपका. मोजणी झाली होती, एक दाणा कमी झाला तर कोणाचं काही बिघडणार नव्हतं, म्हणून जाताना तो उचलून खिशात टाकला. जो मला लावायला दिला नाही, तो.

मत गुप्त राहावं म्हणून घरून दाणे आणायचे, हा तुझाच ठराव. आणि घरून तू आईचे दाणे नेलेस. पिशवी वहिनीने भरली असेल, तू बघितलंही नसशील.

मी म्हटलं, चौदा महिने तुम्ही मला त्या गरीब म्हाताऱ्याला शिव्या घालू दिल्यात? माझ्या भावाचं नाव का नाही सांगितलंत? म्हणाले, "तुला एकच भाऊ आहे."

दादा, मी तुझ्याशी भांडणार होते. मनात केवढं साठवलं होतं त्या सातव्या माणसासाठी. पण आता भांडायला मला जागा कुठे ठेवलीस? तू दाणा टाकलास, मी पत्र जाळलं. तुझा राग आठवडाभराचा होता, माझा वर्षभराचा. तू निदान बोटाने चाचपून तरी बघितलंस, मी तर पाकीट उघडूनही बघितलं नाही. ह्यांनी मला दोनदा विचारलं, डॉक्टरांनी पत्रात काय काय लिहिलं होतं. मला सांगता आलं नाही. तेव्हा मला कळलं, की ह्यांना परत यायचं होतं. एका शब्दाने बोलले नव्हते, पण यायचं होतं. चुलीबद्दल अजून काही म्हणालेले नाहीत. रोज सकाळी पुस्तक काखेत मारून शाळेत जातात, आणि मी दारात उभी राहून ती पाठ बघते.

तू म्हणतोस, मी सांगेन ते करशील. तर डॉक्टरांच्या घरी जा. दिवसाउजेडी जा, वहिनीला बरोबर घेऊन, आणि मला लिहिलंस ते सगळं त्यांना सांग. माझं पत्रही आजच त्यांना निघालंय, चुलीचं. दोघांचं एकदमच पोचू दे, म्हणजे कोणाचं कमी कोणाचं जास्त असं नको.

क्षमेचं मला आता विचारू नकोस. सकाळी होते, संध्याकाळी जाते. लिहीत मात्र राहा.

ह्या वर्षीचं पीक चांगलं आलं. सोबत पिशवी पाठवते. पुढच्या सभेला ह्यातलेच दाणे घेऊन जा, दुसरे नेऊ नकोस. मका टाक नाहीतर घेवडा टाक, पण घेवडा टाकलास तर टेबलापाशी उभ्या असलेल्या माणसाला कळू दे तो कोणाचा.

पिशवीच्या तळाशी कागदात गुंडाळलेला एक दाणा आहे. तो नव्या पिकातला नाही. पिशवी शिवायच्या आधी ह्यांनीच खिशातून काढून आत ठेवला. मी मागितला नव्हता.

केटी